गर्भाशयाची शस्त्रक्रिया : निर्णयापूर्वी आणि निर्णयानंतर

ग्रामीण भागातील स्त्रिया गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. मुले झाली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही झाली, की या पिशवीचे काम संपले असा समज सर्वत्र रूढ आहे. पुढे पाळीच्या वेळी रक्तस्राव अधिक होऊ लागला, अंगावरून पांढरे जाऊ लागले किंवा ओटीपोटात सतत दुखू लागले म्हणजे 'पिशवी खराब झाली' असे निदान अनेकदा घरातच केले जाते. त्यात 'काढली नाही तर कॅन्सर होईल' हे शब्द कोणाकडून ऐकावयास मिळाले, की घरातील सारी मंडळी धास्तावतात. शेळ्या विकून, दागिना गहाण ठेवून किंवा मुकादमाकडून उचल घेऊन पैसा उभा केला जातो आणि दोन-चार दिवसांत शस्त्रक्रिया उरकली जाते. ती खरोखरच आवश्यक होती काय, दुसरा काही उपाय होता काय, हे प्रश्न विचारावयाचे राहूनच जातात.

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया योग्य कारणासाठी झाली तर ती स्त्रीचा जीव वाचविते आणि वर्षानुवर्षांच्या यातनांतून तिची सुटका करते. म्हणून या शस्त्रक्रियेविषयी सरसकट धास्ती बाळगणे उचित नाही. तथापि, भीतीपोटी घेतलेला निर्णय आणि विचारपूर्वक घेतलेला निर्णय यांत मोठे अंतर आहे. धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाचा विचार करण्यास विशेष कारण आहे. ज्या कर्करोगाच्या भीतीने पिशवी काढली जाते, त्या भीतीला शास्त्राने दिलेले एक महत्त्वाचे उत्तर याच जिल्ह्यातील खेड्यांतून जगापुढे आले आहे.

अवयव आणि त्याचे कार्य

गर्भाशय हा सुमारे मुठीएवढा, स्नायूंचा बनलेला अवयव असून तो ओटीपोटात मूत्राशय व गुदाशय यांच्या मध्ये असतो. त्याचे खालचे निमुळते टोक योनिमार्गात उघडते. त्यास गर्भाशयमुख म्हणतात. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस गर्भनलिका व अंडाशय असतात. अंडाशयांतून स्रवणारी संप्रेरके केवळ पाळीचे नियमन करून थांबत नाहीत. हाडांची बळकटी, हृदयाचे आरोग्य, झोप व मनाचे स्वास्थ्य यांवरही त्यांचा परिणाम असतो. मूल होणे थांबले तरी अंडाशयांचे हे कार्य पुढे अनेक वर्षे चालू राहते. 'पिशवी काढली' या दोन शब्दांत गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले किंवा कसे, हे स्पष्ट होत नाही. पुष्कळ स्त्रियांना स्वतःच्या शरीरातून नेमके काय काढले गेले याची माहिती नसते. पुढील आयुष्याच्या दृष्टीने ती माहिती असणे अत्यंत महत्त्वाचे आहे.

दुखणे लपविण्याची सवय

स्त्रिया पिशवीचे दुखणे किती काळ अंगावर काढतात, याचा पहिला ठोस पुरावा महाराष्ट्रातूनच पुढे आला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना प्रजननसंस्थेचा काही ना काही आजार होता. परंतु त्यापूर्वी कधीतरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण अवघे ८ टक्के होते.

या दोन आकड्यांमधील दरीतूनच पुढचे अनर्थ संभवतात. जंतुसंसर्गामुळे अंगावरून पांढरे जाणे हा बहुधा गोळ्यांनी बरा होणारा विकार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यासाठीचे उपचार विनामूल्य मिळतात. काही प्रकारच्या संसर्गात पती व पत्नी दोघांनीही औषध घ्यावे लागते. एकट्या स्त्रीने घेतल्यास आजार पुन्हा उद्भवतो. परंतु लाजेमुळे हे दुखणे वर्षानुवर्षे सांगितलेच जात नाही. सांगितले जाते तेव्हा स्त्री इतकी त्रासलेली असते की, 'एकदाची काढून टाका' असे तीच म्हणू लागते. वेळीच सांगितले असते तर आठवड्याभराच्या औषधाने बरा झाला असता असा आजार अशा रीतीने शस्त्रक्रियेच्या मेजावर जाऊन पोहोचतो.

भीतीचे उत्तर : धाराशिवच्या खेड्यांतील अभ्यास

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गामुळे होतो. संसर्ग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्या शरीरात तो टिकून राहतो, त्यांच्यापैकी काहींच्या गर्भाशयमुखावरील पेशींत हळूहळू बदल होत जातात आणि कर्करोग होण्यास साधारणतः दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. हा दीर्घ कालावधी हीच स्त्रीच्या बाजूची मोठी गोष्ट होय. या काळात तपासणी झाली तर बदल झालेला लहानसा भाग अतिशीत किंवा उष्ण उपकरणाने नष्ट करता येतो, अथवा तेवढाच भाग कापून काढता येतो. त्यासाठी संपूर्ण गर्भाशय काढावे लागत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुक्याबरोबरच शेजारच्या भूम व परांडा या तालुक्यांतील गावांचा तीत समावेश करण्यात आला. या अनुभवाच्या आधारे, त्या वेळी उस्मानाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास हाती घेण्यात आला. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो संयुक्तपणे केला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या, गर्भाशय शाबूत असलेल्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात समाविष्ट होत्या. गावांचे ५२ समूह पाडून त्यांची चार गटांत विभागणी करण्यात आली. एका गटातील स्त्रियांची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्या गटातील स्त्रियांची पेशींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि तिसऱ्या गटातील स्त्रियांची व्हीआयए तपासणी एकेकदा करण्यात आली. चौथ्या गटात नेहमीच्या आरोग्यसेवाच चालू राहिल्या.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. चौथ्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ स्त्रियांचा मृत्यू झाला होता. एचपीव्ही चाचणीच्या गटात ही संख्या ३४ होती. पुढच्या अवस्थेस पोहोचलेल्या कर्करोगाचे प्रमाणही सुमारे निम्म्याने घटले होते. सुमारे दहापैकी नऊ स्त्रियांच्या चाचणीत विषाणू आढळला नव्हता आणि अशा स्त्रियांपैकी एकीचाही त्या आठ वर्षांत या कर्करोगाने मृत्यू झाला नाही. चौथ्या गटास चाचणीपासून दूर ठेवणे योग्य होते काय, याविषयी पुढे वादही झाला. तो प्रश्न गंभीर आहेच. तथापि, आयुष्यात एकदा केलेली चाचणीसुद्धा मृत्यू निम्म्यावर आणू शकते, ही गोष्ट या जिल्ह्यातील स्त्रियांच्या सहभागामुळे जगाला कळली.

व्हीआयए तपासणीत गर्भाशयमुखास सौम्य ॲसेटिक आम्ल लावून सुमारे एका मिनिटानंतर तेथे पांढरा डाग दिसतो काय, हे पाहिले जाते. धाराशिवच्या अभ्यासात ही तपासणी एकदाच केल्याने मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय घट दिसून आली नव्हती. मुंबईतील वस्त्यांत मात्र टाटा मेमोरियल सेंटरच्या प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी हीच तपासणी दर दोन वर्षांनी पुनःपुन्हा केली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळून आले. साध्या तपासणीचाही लाभ होतो, मात्र ती नियमितपणे व्हावयास हवी, असा याचा अर्थ होय.

या सर्व अभ्यासांतून निघणारा बोध सरळ आहे. कर्करोगाची भीती वाटते ना, तर प्रथम तपासणी करावी. तपासणी न करता केवळ भीतीपोटी निरोगी गर्भाशय काढणे हा कर्करोगापासून बचाव करण्याचा मार्ग नव्हे.

ऊसतोडीचा भार आणि बीडचा अनुभव

बालाघाट डोंगररांगेच्या परिसरातील अनेक कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' समजला जातो आणि उचल दोघांच्या नावावर एकत्रच घेतलेली असते. पहाटे अंधारात तोड सुरू होते. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरावी लागते. फडाजवळच्या कोपीत ना पुरेसे पाणी, ना शौचालय, ना पाळीच्या दिवसांत बसण्यास आडोसा. कामावर न गेल्यास 'खाडा' धरून पैसे कापले जातात. अशा परिस्थितीत पाळी हाच एक अडसर वाटू लागतो.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली देशभर गाजला. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत त्या जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती विधिमंडळात देण्यात आली. राज्य शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नियुक्त केली. त्या वेळी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढण्यात आल्याचे आढळले. म्हणजे दर सहा महिलांमागे एकीहून अधिक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील स्त्रियांचे वयोगट सारखे नसले तरी हा फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही.

हा प्रश्न बीडपुरता मर्यादित नाही. राजस्थान, बिहार व छत्तीसगड या राज्यांतूनही अशा तक्रारी पुढे आल्या. त्यांसंबंधीच्या जनहित याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश त्यात देण्यात आला. राष्ट्रीय, राज्य व जिल्हा अशा तीन स्तरांवर संनियंत्रण समित्या असाव्यात, ही या तत्त्वांतील प्रमुख तरतूद होय.

शस्त्रक्रिया केव्हा आवश्यक?

गर्भाशयाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग, प्रसूतीनंतरचा कोणत्याही उपायाने न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या व त्रासदायक गाठी, औषधांना दाद न देणारा अतिरक्तस्राव आणि अंग बाहेर येण्याची वाढलेली तक्रार या कारणांसाठी गर्भाशय काढणे आवश्यक ठरू शकते. मात्र कर्करोगाच्या सर्व अवस्थांत शस्त्रक्रिया हाच उपचार नसतो, हेही ध्यानात ठेवावे.

अन्य तक्रारींत आधी करून पाहण्याजोगे उपाय असतात. अतिरक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसविण्याचे संप्रेरकयुक्त साधन आहे. गाठी लहान असतील व त्रास नसेल तर केवळ लक्ष ठेवणे पुरते, कारण पाळी कायमची थांबल्यावर त्या बहुधा आक्रसतात. केवळ गाठ काढून गर्भाशय शाबूत ठेवण्याची शस्त्रक्रियाही करता येते. अंग बाहेर येण्याच्या तक्रारीवर विशिष्ट व्यायाम व आधाराची रिंग यांचा उपयोग होतो. कंबरदुखीचे मूळ तर पुष्कळदा जड ओझ्यात असते. ते ओझे तसेच राहिले तर पिशवी काढूनही कंबर दुखावयाची थांबत नाही.

याउलट काही लक्षणे कधीही अंगावर काढू नयेत. पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे किंवा दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित स्राव होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित तपासणी करून घ्यावी.

संमती कोणाची?

शस्त्रक्रियेच्या कागदावर पतीची सही झाली की काम झाले, असा समज आढळतो. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या एका निकालात याविषयीचे तत्त्व स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणात एक स्त्री तपासणीसाठी भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले होते. सज्ञान व निर्णयक्षम स्त्रीची संमती तिची स्वतःचीच असली पाहिजे, तसेच तपासणीस दिलेली संमती ही अवयव काढण्यास दिलेली संमती ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तत्काळ जिवास धोका असेल तरच याला अपवाद करता येतो.

यास्तव सही किंवा अंगठा करण्यापूर्वी स्त्रीने पाच प्रश्न अवश्य विचारावेत : (१) नेमका आजार कोणता व तो कोणत्या तपासणीतून कळला? (२) शस्त्रक्रियेखेरीज दुसरा उपाय कोणता? (३) थांबल्यास काय धोका आहे? (४) अंडाशय व गर्भाशयमुख ठेवणार की काढणार? (५) बरे होण्यास किती दिवस लागतील? तातडीची परिस्थिती नसेल तर शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाचे दुसरे मत घ्यावे. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

शस्त्रक्रियेचे दिवस

शस्त्रक्रिया पोट उघडून, योनिमार्गाने किंवा दुर्बिणीद्वारे केली जाते. तत्पूर्वी रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, सोनोग्राफी व गर्भाशयमुखाची तपासणी केली जाते. आवश्यकतेनुसार गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडाही तपासण्यात येतो. पांडुरोग असलेल्या स्त्रीचे रक्त आधी वाढविणे हिताचे असते.

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताना घसा कोरडा पडलेला असतो, ओटीपोटात ओढ लागल्यासारखे दुखते, लघवीसाठी नळी लावलेली असते. पहिली रात्र कठीण जाते. दुसऱ्या दिवशी परिचारिका उठून बसावयास व चार पावले चालावयास सांगतात, तेव्हा टाके तुटतील या भीतीने अनेक स्त्रिया नकार देतात. परंतु चालण्याने पोटातील वायू सरतो आणि पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. खोकला आल्यास पोटाशी उशी धरावी, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे, या लहानशा गोष्टींनी वेदना पुष्कळ हलक्या होतात. पोट उघडून शस्त्रक्रिया झाल्यास साधारणपणे तीन ते पाच दिवसांनी घरी जाता येते. अन्य दोन प्रकारांत त्याहूनही लवकर.

घरी जाण्यापूर्वी शस्त्रक्रियेचा तपशील लिहिलेला कागद मागून घ्यावा. काढलेल्या अवयवाच्या पेशींच्या तपासणीचा अहवाल काही दिवसांनी मिळतो. तोही आणून जपून ठेवावा. गर्भाशयमुख ठेवलेले असल्यास कर्करोगाची नियमित तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते.

घरी आल्यानंतर

खरी कसोटी घरी आल्यावर लागते. वरची जखम आठ-दहा दिवसांत भरलेली दिसते. आतील जखम भरण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. घरच्या माणसांना आतले दिसत नाही. ती चालते, बोलते, जेवते, म्हणजे बरी झाली, असे समजून पंधराव्या दिवशी तिच्या कमरेवर हंडा चढतो. पाण्याने भरलेल्या हंड्याचे, कडब्याच्या पेंढ्यांचे किंवा ओल्या धुण्याच्या बादलीचे वजन या काळात मुळीच उचलू नये. लहान मुलासही उभ्याने उचलून घेऊ नये. बसून मांडीवर घ्यावे. हलके काम व थोडे थोडे चालणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढवीत न्यावे. वैवाहिक संबंध सुमारे सहा आठवडे व डॉक्टरांनी तपासून अनुमती देईपर्यंत टाळावेत. शेतातील खुरपणी, मोळी वाहणे अशी कष्टाची कामे दोन महिन्यांच्या आत सुरू करू नयेत.

पहिले काही आठवडे अंगावरून थोडा तांबूस किंवा तपकिरी स्राव जातो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र ताप, जखमेतून पू, दुर्गंधी, भरपूर रक्तस्राव, लघवी अडणे किंवा सतत गळणे, पोटरीत सूज व दुखणे आणि दम लागणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी विलंब न लावता रुग्णालयात जावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

आहारात पालेभाज्या, डाळी, कडधान्ये, दूध, शेंगदाणे व भरपूर पाणी असावे. 'टाक्यांत पू होतो' म्हणून डाळ किंवा भात वर्ज्य करण्याची प्रथा निराधार आहे. लोहाच्या गोळ्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात. बद्धकोष्ठामुळे जोर लागू देऊ नये.

मनाची अवस्थाही समजून घेणे अगत्याचे आहे. त्रासातून सुटल्याचे समाधान बहुसंख्य स्त्रियांना लाभते. काहींना मात्र विनाकारण रडू येते, आपण अपुऱ्या झालो असे वाटते. गर्भाशय काढल्याने स्त्रीचे स्त्रीपण जात नाही, वैवाहिक जीवन संपत नाही. पतीने शांतपणे बोललेले चार शब्द येथे औषधाइतकेच उपयोगी पडतात. उदासीनता टिकून राहिल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

अंडाशय काढले असल्यास पाळी जाण्याच्या वयाची लक्षणे एकदम सुरू होतात. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड होते. पुढे हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. तिशी-पस्तिशीतील स्त्रीच्या बाबतीत हा धोका दीर्घकाळ सोबत राहतो. अशा स्त्रीने डॉक्टरांकडे संप्रेरक उपचारांविषयी विचारणा करावी आणि रक्तदाब व साखरेची तपासणी नियमितपणे करून घ्यावी. अंडाशय राखले असले तरी पाळी जाण्याच्या वयातील बदल काहीसे लवकर सुरू होऊ शकतात.

गावाने करावयाचे काम

तीस वर्षांवरील स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी शासकीय आरोग्य कार्यक्रमात समाविष्ट आहे. आपल्या गावातील किती स्त्रियांची ती झाली, याची विचारणा ग्रामपंचायत सदस्यांनी उपकेंद्राकडे करावी. ग्रामसभेपूर्वी होणारी महिला सभा ही या विषयासाठी योग्य जागा आहे, कारण तेथे स्त्रिया संकोच न बाळगता बोलू शकतात. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांची तपासणी दिवाळीपूर्वी झाली, तर मिळणारे उपचार हंगामापूर्वी पूर्ण होऊ शकतात. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने 'भारतवैद्य' या नावाने गावातील स्त्रियांनाच आरोग्याचे शिक्षण देऊन प्राथमिक सेवेसाठी उभे केले. गावातील स्त्रीला गावातील स्त्रीच मोकळेपणाने दुखणे सांगते, हा त्या कार्यातील धडा आशा सेविकांच्या कामासही लागू पडतो.

शिक्षकांची भूमिकाही दुर्लक्षिण्याजोगी नाही. आईची शस्त्रक्रिया झाली की घरातील थोरली मुलगी शाळेत येईनाशी होते. स्वयंपाक, पाणी व धाकटी भावंडे हे सारे तिच्यावर येते आणि पंधरा दिवसांची गैरहजेरी कधी कायमची होते, ते कळतही नाही. अशा वेळी शिक्षकाने घरी जाऊन चौकशी केली, तर मुलीचे वर्ष वाचते आणि आईची विश्रांतीही मोडत नाही.

ग्रामीण समाजाला स्त्रीची विश्रांती अपरिचित आहे असे नाही. बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची रीत घरोघरी आहे. तिच्या वाट्याचे पाणी दुसरी कोणी भरते, तिच्यासाठी डिंकाचे लाडू होतात, तिला जड उचलू दिले जात नाही. गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीची आतील जखम भरण्यासही जवळपास तितकाच, किंबहुना त्याहून थोडा अधिक काळ लागतो. मात्र तिच्या पाळण्यात बाळ नसते, त्यामुळे तिची विश्रांती कोणाच्या लक्षात येत नाही. घरातील पुरुषांनी, सासूने, शेजारणींनी तिलाही तो सव्वा महिना आणि त्यापुढचे काही दिवस द्यावेत. निर्णय घेण्यापूर्वी तपासणी आणि निर्णय झाल्यावर विश्रांती, एवढ्या दोन गोष्टी प्रत्येक गावाने पाळल्या, तर अनेक स्त्रिया शस्त्रक्रियेवाचून बऱ्या होतील आणि ज्यांना ती करावीच लागेल, त्या पूर्ण बऱ्या होऊन कामास लागतील.